टाकून दिलेलं

बाटलीतलं समुद्राचं पाणी उजेडात धरलं, तर रिकामंच दिसतं. पण त्यात असंख्य जिवाणू असतात. मोकळ्या समुद्रात अन्न तुटपुंजं, म्हणून पिढ्यानपिढ्या एकेक जनुक टाकून देत त्यांनी आपलं ओझं हलकं केलं. काहींनी तर एक पोषकद्रव्य बनवणंही सोडलं. आसपासच्या पाण्यात ते आयतं मिळतं. प्रयोगशाळेत मात्र त्यावाचून ते मरतात. टाकून दिलेल्यावाचून एक दिवस असं अडतं.

या जिवाणूंवरचं माझं पहिलं काम माझ्या मार्गदर्शक सरांनी छापलं, तेव्हा माझं नाव गाळलं. "एवढ्या नावांची गरज नाही गं," म्हणाले. मी ती प्रयोगशाळा सोडली. ते पोषकद्रव्य मला पुढे इथे, या नव्या प्रयोगशाळेत सापडलं.

आज सकाळी सरांचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका मऊ.

"वासंती, आमचे जिवाणू काही केल्या जगत नाहीत. तू पाण्यात काय घालतेस?"

उत्तर एका शब्दाचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"सर, शोधनिबंधावर ज्यांची नावं आहेत, त्यांना विचारा ना," मी म्हणाले.

फोन ठेवला, आणि माझ्या जिवाणूंच्या पाण्यात ते पोषकद्रव्य घातलं.