बशीर मास्तरांची संथ चाल

मिलिंद गेल्याचा फोन लातूरहून आला, तेव्हा मी नांदेडात त्याच्याच खोलीला नवे पडदे लावत होते. दवाखान्यातून सुटला की धाकटा भाऊ काही दिवस माझ्याकडे राहणार, असं ठरलं होतं. त्याची बायको सुजाता नुसतंच "अक्का..." म्हणाली. फोन ठेवून मी उरलेला पडदा लावला. का लावला, कोण जाणे. त्याला आता महिना उलटून गेलाय.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर, हैदराबादच्या गाडीवर. एकदा त्यांनी तिकडून एक कॅसेट आणली. तिथल्या हॉटेलात जॅझ वाजवणारे बशीर मास्तर आणि त्यांची गिटार. मिलिंद येडाच झाला तिच्यापायी. दिवसा शाळा, रात्री आबांची झोप, म्हणून ऐकायचा तो संध्याकाळीच. नेमक्या त्याच वेळी लातुरातल्या दाल मिल जोरात असायच्या. आमच्या गल्लीत व्होल्टेज पडायचं, बल्ब पिवळा व्हायचा आणि गिटारीचा एकेक सूर लांबत, रेंगाळत घरभर फिरायचा. मी भाकरी थापता थापता थांबायची. आपण कुठं आहोत, तेच कळायचं न्हाई... मधेच मास्तर जड, घोगऱ्या आवाजात म्हणायचे, "चलो, फिर से." मिलिंद कंबरेत वाकून त्यांची नक्कल करायचा. म्हातारं माणूस हाय, निवांत वाजवतंय, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

पुढं तो लातुरात गिटार शिकवायला लागला. लग्नाच्या पार्टीतही वाजवायचा, पण चाल तीच. "असल्या बाजानं नवरी मांडवातच झोपंल की रे," मी म्हणायची. "झोपू दे की अक्का, लई दमलेली असती बिचारी," हे त्याचं उत्तर. चिडायचा कधीच न्हाई. मीच चिडायची.

गेल्या वर्षी माझ्याकडे राहून त्यानं बशीर मास्तरांच्या सुरावटींचा एक अल्बम रेकॉर्ड केला. मास्तर कधीच गेलेले. हैदराबादेत त्यांची मुलगी आहे, नसरीन आपा. बाहेर काढण्याआधी त्यांचा होकार हवा, म्हणून मिलिंदनं अल्बम पाठवला. काही कळवण्याआधी त्यांनी मास्तरांचं मूळ रेकॉर्डिंग मोबाइलवर धाडलं. आम्ही दोघं ते ऐकायला बसलो आणि मिलिंदचा चेहराच उतरला. सुसाट गिटार. आणि "चलो, फिर से" म्हणणारा आवाज पंचविशीतल्या पोराचा, हसरा, घाईतला.

"अक्का, व्होल्टेज पडायचं तेव्हा आमचा टेपच हळू फिरत होता," तो म्हणाला. "मी सगळी जिंदगी चुकीचं वाजवत राहिलो."

मी म्हटलं, कुणाला कळतंय? पण त्याला कळलं होतं ना. पुन्हा वेगात वाजवायला बसला तर बोटं साथ देईनात. तोवर दुखणं पार हातापर्यंत आलं होतं. लातूरला परत जाताना बजावून गेला, हे बाहेर काढू नका, मास्तरांची थट्टा व्हायची. ते वाक्य मला फार लागलं. आमच्या भावानं कुणाची थट्टा केलेली मी बघितली न्हाई.

मागच्या आठवड्यात नसरीन आपांचा फोन आला. मिलिंदची बातमी त्यांना मीच दिली. मग म्हणाल्या, अब्बा हॉटेलातून हॉटेलात पळायचे, घरी जेवायचे तेही उभ्यानं. उसंत अशी कधी मिळालीच न्हाई त्यांना. "आपके भाई का बाजा रोज सुनती मैं. इत्ते आराम में अब्बा को कभी नै देखी थी."

चुकीचं आहे ना हो ते, मी विचारलं.

"रहने दो. वैसाच निकालो."

फोन ठेवला आणि त्या खोलीत जाऊन बसले. दुपार होती, पडदे हलत होते. अल्बम लावला. कुठलीच घाई नसलेले ते सूर एकेक करून येत राहिले... आणि मी मोठ्यानं म्हटलं, "मिलिंद, आपा हो म्हणाल्या रे."