‘शे’चं ‘आहे’ झालं तेव्हा

शहाद्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्याच मशीनवर मी आणि माझ्या कॉलेजच्या जिवाभावाच्या मित्राने काही वर्षं पुस्तिकांचं प्रकाशन चालवलं. तो तत्त्वज्ञान शिकून आलेला. पुस्तिकेच्या डाव्या पानावर सत्ता, श्रम असले जड विचार. तो समजावून सांगायचा, मी अहिराणीत उतरवायचो. उजव्या पानावर जे कुणीच छापणार नाही ते: बँडवाल्यांची चावट गाणी, साखर कारखान्यातल्या पोरांचं रॅप, आणि ब्राह्मणपुरीच्या माझ्या मावशीची, लग्नात विहिणीला शिव्या घालणारी गाणी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या लगामांशेजारी चादर टाकून विकायचो. लोक उजव्यासाठी न्यायचे, डावंही वाचायचे.

लेखकाचं नाव कुठंच नाही. शेवटच्या पानावर फक्त, ‘हाई पुस्तक समदासनं शे.’ म्हणजे, हे पुस्तक सगळ्यांचं आहे.

गाणी देताना मावशीने एकच अट घातली होती. “मन्हं नाव टाकू नको, भाऊ. पन सबद बदलू नको.” मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

गेल्या वर्षी मित्र सगळ्या फाइली घेऊन गेला. “दोन दिवसांत आणून देतो,” म्हणाला. आलं ते थेट पुण्याहून छापलेलं जाडजूड पुस्तक. वर त्याचं नाव, आत ‘सर्व हक्क लेखकाधीन’. आणि प्रत्येक ‘शे’चं ‘आहे’ केलेलं.

मी फोन लावला. “अरे, प्रमाण मराठी केल्याशिवाय तिकडे कोण वाचणार? नाव आपलंच होतंय ना,” म्हणे. आपलं! केसाने गळा कापला आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय. मी फोन ठेवून दिला. राग इतका आला की दिवसभर एकही झेरॉक्स धड निघाली नाही.

खरी लाज पुढे होती. मावशीला लिहिता-वाचता येत नाही. पुस्तक आल्याचं कळताच तिने वाचून दाखवायला बोलावलं. तिची आवडती ओळ होती, ‘विहीनबाई, तुन्हं शेत कोरडं, तोंड वल्लं.’ या शहाण्याने कॉम्प्युटरला एका झटक्यात ‘शे’ बदलायला सांगितलेलं. ‘शेजारी’चं ‘आहेजारी’, ‘शेवट’चं ‘आहेवट’ झालेलं नंतर कुणीतरी दुरुस्त केलं असेल. पण ‘शेत’चं झालेलं ‘आहेत’ दिसायला शुद्धच, म्हणून ते राहून गेलं. मी छापलंय तसंच वाचलं, “विहीणबाई, तुझं आहेत कोरडं, तोंड ओलं.”

मावशीने मला पुन्हा वाचायला लावलं.

“चांगलं शे,” ती हळूच म्हणाली. “पन हाई कोन्हं गानं शे? मन्हामा तं शेत व्हतं.”