अप्पांचा एक मिलिमीटर

वीरेशअप्पा बीडमधले लेथवरचे नावाजलेले टर्नर आणि मी त्यांच्या वर्कशॉपातला वेल्डर, म्हणजे बोलणी खायचा हक्काचा माणूस. १९९९ साली बीडजवळच्या पालीची पंचशीला आमच्या दारात आली. ती परराज्यातल्या एका लेसर प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली होती आणि तिला स्टीलचा एक गोल डबा हवा होता. त्यात वायूच्या बारीक फवाऱ्यावर लेसर पडणार, वायूचा प्लाझ्मा होणार आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुसाट सुटणार. बाहेरची हवा मात्र आत कणभरही शिरता कामा नये. तिच्या साहेबांचा बीडवर भरवसा नव्हता. तिने भांडून अप्पांसाठी ही एकच संधी मिळवली होती.

दोन महिने अप्पा जेवतानाही डब्याबद्दलच बोलायचे.

तपासणीला पंचशीला पंप घेऊन आली. आतली हवा ओढली जाऊ लागली, दाबाचा काटा उतरला आणि मध्येच अडकला. कुठूनतरी हवा शिरत होती. सगळे माझ्या वेल्डिंगकडे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. असा जोड जिल्ह्यात कुणी मारून दाखवावा, असं मी सुनावलं. पंचशीला एकेका जोडावर स्पिरिट सोडून काटा हलतो का ते बघत होती. डबा नापास झाला असता तर तिचा शब्द पडला असता.

अप्पा पुढे आले. "त्याचं काम बराबर हाय, पोरी. चूक माझी हाय. झाकण बसवायच्या आधी मी इभूत लावली."

विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय आमच्याकडून कुठलंच काम बाहेर जात नसे. झाकण काढलं, तर रबरी रिंगेखाली राखेचे कण. अप्पांनी स्वतःच्या हाताने रिंगेची खाच पुसली. या वेळी काटा उतरला तो उतरतच गेला. मी चक्क नाचलो.

डबा लाकडी पेटीत गेला तेव्हा अप्पा हात मागे बांधून लांब उभे होते. पंचशीलाने फळीवरची विभूती आणून त्यांच्यापुढे धरली. "अप्पा, पेटीला लावा आता."

तीन महिन्यांनी समोरच्या एसटीडी बूथवर तिचा फोन आला. इलेक्ट्रॉन पळाले होते.

"किती पळाले?" अप्पांनी विचारलं.

"एक मिलिमीटर. तेवढ्याशा अंतरात उजेडाच्या वेगाला गाठत आले, अप्पा."

अप्पा धावतच दुकानात आले. त्यांनी मापाच्या व्हर्नियरचे जबडे एक मिलिमीटर उघडले आणि दिवसभर ते येईल त्या गिऱ्हाईकाला ती फट दाखवत राहिले.