मुकुंदच्या अंगणातली हवा

मुकुंदला जाऊन सहा आठवडे झाले. बातमी मला फोनवर कळली नाही. फरीदाबादला आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीत एक दार. त्या दारातून सकाळी शैलावहिनी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत." मी चष्मा शोधत राहिलो, तो डोळ्यांवरच होता… पाच दिवसांनी दिल्लीत, करोल बागेत, आमच्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली. तिथे मी उभं राहून सांगितलं, "चाळीस वर्षांत मुकुंदने माझ्यापासून एक गोष्ट लपवली नाही." वहिनींनी मान खाली घातली. मला वाटलं, माझ्या वक्तृत्वाचा परिणाम.

मुकुंद सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर, मी एका मंत्रालयात हिंदी अनुवादक. दोघांची ऑफिसं कस्तुरबा गांधी मार्गाच्या आसपास, त्यामुळे डबा एकत्र. माझ्या बायकोला, नलिनीला, दमा. सरकारी क्वार्टरच्या ओल आलेल्या खोल्यांत तिच्या छातीत रात्रंदिवस पेटी वाजायची. निवृत्ती जवळ आली तेव्हा मुकुंद डब्यातली माझी भाजी संपवत म्हणाला, "यार पाटणकर, फरीदाबादला दोनशे गज जमीन मिळतेय. अर्धी तुझी, अर्धी माझी. नलिनीला नीट श्वास घेता येईल असं घर बांधून देतो." मी विचारलं, "आणि मला?" "तू बोलायचं थांबलास की तुलाही येईल."

घर त्याने शब्दाला जागून बांधलं. लहानसंच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पश्चिमेच्या भिंतीत विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवलेली, दुपारचं ऊन बाहेरच अडकावं म्हणून. गच्चीवर पांढऱ्या टाइलांचे तुकडे, आतून चुन्याचा गिलावा. पण खरी करामत होती अंगणाची. अंगण त्याच्या हद्दीत, आणि नलिनीच्या खोलीची मोठी खिडकी त्या अंगणात उघडणारी. "तुझी हवा माझ्याकडून, माझी सावली तुझ्या भिंतीकडून. हिशेब बिल्कुल फिट," तो म्हणाला. हे कागदावर लिहून घ्यावं, असं जन्मभर सरकारी कागदांचं भाषांतर केलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मे महिन्यात गल्लीभर एसी घुरघुरायचे आणि आमचा पंखा दोन नंबरवर चालायचा. दिवाळीनंतरचे धुराचे दोन महिने सोडले, तर नलिनीचा पंप ड्रॉवरमध्ये पडून असायचा.

भिंतीतलं ते दार मात्र माझी करणी. बांधकामावर एक दिवस देखरेखीला मी एकटा होतो. मला मधल्या भिंतीत पुस्तकांसाठी कपाट हवं होतं. मी मिस्त्रीला ऐटीत सांगितलं, "मिस्त्रीजी, इस दीवार में एक बढ़िया कपाट चाहिए." तो म्हणाला, "जी, बाबूजी." संध्याकाळी येऊन पाहतो तर भिंतीला माणूस जाईल एवढं भोक! हिंदीत कपाट म्हणजे दार, आपल्या कपाटाला अलमारी म्हणतात, हे पोटापाण्यासाठी हिंदी करणाऱ्या मला ऐनवेळी सुचलं नाही. मुकुंद वाळूच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "सरकारने तुला पेन्शन द्यायची की दंड करायचा रे?" मग भोकाकडे बघत म्हणाला, "राहू दे. चहाला फिरून यायला नको." चौदा वर्षं तो त्या दारातून चहाला आला.

गेल्या वर्षभरात तो जरा विचित्र वागत होता. चहा पिता पिता एकदम म्हणायचा, "नलिनीचा पलंग पुढच्या खोलीत हलव ना. रस्त्याकडची हवाही काही वाईट नाही." मी म्हणायचो, "म्हातारा झालास. स्वतःचंच डिझाइन विसरलास." तो कपाकडे बघत म्हणायचा, "अच्छा, राहू दे." असं तीन-चारदा झालं, आणि प्रत्येक वेळी त्याची चेष्टा करून मी स्वतःवर खूश झालो.

शोकसभेनंतर आठवड्याने अंगणात एक माणूस टेप घेऊन आला. अतिशय नम्र. म्हणाला, "अंकलजी, चार फ्लोर बनेंगे, लिफ्ट के साथ. ये आपकी खिड़की तो बंद करनी पड़ेगी, दीवार यहीं आएगी." मी त्याला हाकलायला निघालो, तर त्याने करार दाखवला. खाली मुकुंदची सही… ती तिरकी, घाईघाईची सही मी झोपेतही ओळखेन. करार तो जायच्या आठ महिने आधीचा.

विचारायला गेलो, तर वहिनी रडल्या. त्यांच्या मुलीचं लग्न मोडलंय, ती दोन मुलांना घेऊन पुण्याहून कायमची येतेय. तिला हक्काचा मजला हवा, आणि बिल्डर त्यांचं जुनं घर पाडून चारातले दोन मजले त्यांना देणार. "हे दर रविवारी म्हणायचे, पाटणकरला आज सांगतो. मला वाटलं, सांगितलं असेल." मी म्हटलं, "हो, हो, बोलला होता." असं का म्हटलं, कोण जाणे. शोकसभेतल्या भाषणाची लाज राखली असेन.

पोरीसाठी केलं, त्यात चूक काय? त्याने विचारलं असतं तर मी भांडलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं. चाळीस वर्षांनंतर त्या तीन दिवसांपुरताही त्याला माझा भरवसा वाटला नाही. आठ महिने रोज समोर बसून चहा प्यायला… हे मला पचत नाही. नलिनीला सगळं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "पलंग केव्हा हलवायचा?" मी म्हटलं, "अंगण आहे तोवर नाही."

पुढच्या महिन्यात पाडापाडी सुरू होईल. तोवर रोज सकाळी सहाला मी तिच्या खोलीत येऊन बसतो. अंगणातून हवा येते, ती गाढ झोपलेली असते, आणि मला मुकुंदला एक सणसणीत शिवी द्यायची असते, मोठ्याने, त्याच्या नावासकट. पण अंगणापलीकडे शैलावहिनी उठलेल्या असतात, त्यांना ऐकू जाईल. म्हणून खिडकी लावायला उठतो. कडीला हात लावतो. मागे नलिनीचा श्वास संथ चाललेला असतो… मग शिवी गिळतो आणि खिडकी तशीच उघडी ठेवून चहा टाकायला जातो.