माझ्या नकाशात सुरत नव्हतं

सहावीचा पहिला महिना मी सुरतमधल्या उधन्याच्या शाळेत जवळजवळ मुकीच काढला. नव्वदच्या दशकातली गोष्ट... शिरपूरजवळचं गाव सोडून आम्ही नुकतेच सुरतला आलो होतो. इथंच राहायचं तर गुजराती यायलाच हवी, म्हणून बाबांनी मला थेट गुजराती शाळेत घातलं.

गणित मात्र आवडायचं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही! विज्ञानाच्या तासाला फुलाचे भाग विचारले की मला सगळे माहीत असायचे, पण मराठीत... मग मान खाली. येत असून गप्प बसायचं, याचा फार राग यायचा. मधल्या सुट्टीत डबा खाताना शेजारी कुणी नसायचं. एक तरी मैत्रीण हवी होती मला, बस.

एकदा समाजशास्त्राच्या बेननी, म्हणजे बाईंनी, आपल्या राज्याचा नकाशा घरून काढून आणायला सांगितला. मी जीव ओतून काढला. तापी निळी, सातपुडा तपकिरी, आमच्या गावाचा लाल ठिपका. वाटलं, आता तरी वर्गाला कळेल मला काय येतं ते.

बेननी वही उघडली आणि हसूच आलं त्यांना. मी महाराष्ट्र काढला होता! 'आपलं राज्य' म्हटल्यावर दुसरं काही माझ्या डोक्यातच आलं नाही.

"अने तुं क्यां रहे छे?" त्यांनी विचारलं. मी नकाशात सुरत शोधायला लागले... सीमेवरच्या नवापूरच्या पुढे कोरा कागद. सगळा वर्ग खो खो हसला. बेन तशा वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी मला शाळाच नको झाली.

संध्याकाळी बाबा लूमच्या कारखान्यातून आले तेव्हा मी वही फाडायला काढली होती. त्यांनी ती हातातून घेतली. गावाच्या ठिपक्यावर बोट ठेवून माझ्याजवळ बसले. मी रडत रडत म्हटलं, शाळेत माझ्याशी कुणीच बोलत नाही.

"मी बी बारा तास कोनासंगे बोलत नही, माय," बाबा म्हणाले. "मशीनना आवाजमां काय बोलवं..."

बाबांनाही एकटं वाटत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन विचारायचे, आज काय शिकलीस? मी फुलाचे भाग सांगायचे, अपूर्णांक सांगायचे, गुजराती धडा मोठ्याने वाचायचे. त्यांचा निम्मा वेळ पेंगण्यात जायचा, तरी "मंग?" म्हणायचे.

मैत्रीण मिळायला सातवी उजाडली. तोवर चौथीत शाळा सोडलेल्या या माणसाने अख्खी सहावी माझ्यासोबत केली... त्यांच्या तोंडावर हे कधी बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.