बाईंनी सोडवलेलं चाक
जळक्या प्लास्टिकचा वास आला की मला अहेरीत शेजारी राहणाऱ्या, ब्लाऊज शिवणाऱ्या बाई आठवतात. माझ्या रिमोटच्या गाडीची चाकं वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जळली होती. दुसरी बसवली तर तीही कण्हू लागली, म्हणून मी जास्त ताकदीची मागवली. ते कण्हणं ऐकून बाई शिलाई सोडून आल्या. मोठी मोटर मागवल्याचं मी सांगितल्यावर म्हणाल्या, "ताकद कायले वाढवून राह्यला? अडते कुठी ते पाह्य ना आधी." त्यांनी सर्वोला चाकांशी जोडणारी दांडी सोडवली आणि चाकं नुसत्या बोटानं वळवली. डावीकडे सहज गेली, उजवीकडे अडली. सांध्यात वाळका चिखल आणि तणसाची, धानाच्या पेंढ्याची, काडी होती, ती त्यांनी सुईनं उकरली. मी तेल घेतलं तर म्हणाल्या, "नको, माती धरते." दांडी लावली, गाडी झकास वळली, पण चाकं टोकाला टेकल्यावर सर्वो घूं करतच राहिली. "टेकल्यावरबी ढकलूनच राह्यली, जळन नाई तर काय?" चाकं टोकापर्यंत जाऊ नयेत म्हणून मी रिमोटवर वळणाची मर्यादा थोडी कमी केली आणि घूं थांबली. असली गाडी त्यांनी त्याआधी हातातही धरली नव्हती. तीच सर्वो आजही चालते. जास्त ताकदीची अजून पाकिटातच आहे.