स्लॅबवाल्या काकू

आमच्या शेजारच्या काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी छताकडे बघायच्या, मग घरातल्या माणसांकडे. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा भेटायला आल्या, मी नमस्काराला वाकले, तर बाईंची नजर वर! "कोपऱ्यात ओल हाय," हा मला मिळालेला पहिला आशीर्वाद.

काकू मूळच्या पेठ तालुक्यातल्या. तरुणपणी सातपूरला मजुरीला आल्या आणि आमच्या वस्तीशेजारच्या कामगार सभागृहाच्या बांधकामावर त्यांनी घमेली वाहिली. उपड्या सुपासारखं छत, भिंतींना प्लास्टर नाही, रंग नाही, काँक्रीटवर लाकडी फळ्यांच्या रेघा उमटलेल्या तशाच. आर्किटेक्चरची मुलं लांबून फोटो काढायला यायची. एखादा पाहुणा मात्र "प्लास्टर राहिलंय वाटतं" म्हणाला, की काकू भडकायच्या. "तू तोंडाला पावडर फासलीस, म्हनून लय देखणा झालास का?" पाहुणा बिचारा पुन्हा वर मान करायचा नाही.

वस्तीत कुणाचाही स्लॅब असो, नारळ काकूंनीच फोडायचा. त्यातली एक वाटी त्या सभागृहात नेऊन ठेवायच्या. "तो थोरला. त्याचा मान आधी." आम्ही हसायचो, पण काकूंना वगळून स्लॅब टाकायची कुणाची छाती नव्हती.

या थोरल्याची तब्येत मात्र पार बिघडली होती. छतावरच्या पन्हळी तुंबलेल्या, पाणी साचलेलं, गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या. तपासणी झाली, फाटकावर 'धोकादायक' अशी पाटी लागली, आणि शेवटी पाडायचंच ठरलं. काकूंचं आत जाणं काही थांबेना. मी चिडून सांगायचे, "काकू, नका हो जाऊ. एक दिवस डोक्यावर येईल." त्या माझ्यावरच डाफरायच्या, "आमी टाकलाय तो. मशीन लावल्याबिगर हलायचा नाय." संध्याकाळी त्या ओट्यावर दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

पाडकामाचं मशीन यायचा दिवस आणि आमच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबचा दिवस नेमका एकच आला. मला बँकेतून रजा मिळाली नाही. पंचवटीतल्या शाखेत बसून मी कामात चुका करत होते. काकू मशीनपुढे आडव्या पडतील, पोलिसांशी भांडतील, नाही नाही ते मनात येत होतं. दुपारी ह्यांचा फोन आला. "अगं, स्लॅब पडला."

आमच्याकडे स्लॅब पडला म्हणजे टाकून झाला. पेढ्यांची बातमी! मी म्हटलं, "वा! येताना पेढे आणते. काकूंनी नारळ फोडला ना?"

हे म्हणाले, "आपला नाही गं. सभागृहाचा. काकू नारळाची वाटी ठेवायला आत गेल्या होत्या."

मी तशीच रिक्षात बसले. 'पेढे आणते' हे माझेच शब्द कानात वाजत होते आणि मला स्वतःची शिसारी येत होती.

काकू जिवंत सापडल्या. दारातल्या बीमखाली होत्या म्हणून वाचल्या, पण पाय पुरता चेचला गेला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला काय बी दिसलं नाय. नुसता आवाज झाला. पोरी, मशीननं पाडला ना त्याला?"

त्या डोळ्यांत इतकी भीती मी कधीच पाहिली नव्हती. पायाची नव्हे, माझ्या उत्तराची. मला रडू फुटलं.

"हो काकू. मशीननंच."

"मंग कुनाला 'पडला' सांगू नको. 'पाडला' सांग."

थोडं बरं वाटल्यावर मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. तिथेच, दिवाळीच्या आधी, त्या गेल्या. कुणीही विचारलं की मी अजून 'पाडला' असंच सांगते. मशीन तेव्हा फाटकाबाहेर उभं होतं, आणि ड्रायव्हर चहाला गेला होता.